प्रबंधाचा कोपरा

सोमवार, ७ एप्रिल
ग्रंथालयातला कूलर बंद. त्याच्या प्लगमध्ये आता स्कॅनर. वर्ध्याच्या एप्रिलात प्राध्यापकाचा वारा काढून यंत्राला वीज देणाऱ्या संस्थेचा मी तीव्र निषेध नोंदवतो. याच वहीत. बाहेर नोंदवायची हिंमत असती तर मराठी विभागात वीस वर्षं टिकलो नसतो.
फर्मान असं: सगळ्यांचे पीएच.डी.चे प्रबंध स्कॅन होऊन कॉलेजच्या ऑनलाइन भांडारात. कोणीही उघडावं, वाचावं.

मंगळवार, ८
स्टाफरूममध्ये सुतक. इतिहासाचा ढोबळे सगळ्यांत वरच्या पट्टीत: "घाम मी गाळला, लोकायले फुकट काऊन वाटू? चोरतीन ना."
ग्रंथपाल मेश्राम मॅडम: "सर, तुमचा प्रबंध बारा वर्षांपासून रॅकवर आहे. एकानंही नेला नाई."
हशा. मी जपूनच हसलो. माझ्या चौथ्या प्रकरणातली कापूसवेचणीची गाणी मॅडमच्या वहीतली. तेव्हा ती माझी एम.ए.ची विद्यार्थिनी. वडनेरला आत्या-मावश्यांच्या मागे फिरून उतरवलेली. वही वाचायला म्हणून घेतली. नाव द्यायचं राहिलं. राहिलं म्हणजे...

शुक्रवार, ११
मॅडमनं रॅकवरची प्रत घेऊन ढोबळेचा प्रबंध चढवला. दुपारपर्यंत त्याच्याच विद्यार्थ्यांनी शोधून काढलं: दोन प्रकरणं दुसऱ्याच्या प्रबंधातून जशीच्या तशी.
ढोबळे आला तो खुर्ची उचलूनच. स्कॅनरच्या काचेचा चुरा.
"काढ ते."
"प्राचार्यांचं पत्र आणा, काढते."
त्यानं प्रबंध दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्या तोंडावर हाणला. कडक बांधणी. कोपरा भुवईत घुसला. पाच टाके. शिपाई गजाननभाऊनं मागून धरलं, तर त्याच्या मनगटाचा चावा. ढोबळेच्या संशोधनाचा समाजावर झालेला हा पहिलाच परिणाम.
मी सहा पावलांवर. पेपर तोंडापुढे. खाली घेतला नाही.

शनिवार, १२
प्राचार्य: "पुस्तक रॅकवरून पडलं. तुम्ही तर पेपर वाचत होते ना, सर?"
गजाननभाऊ कंत्राटी. त्यानं तसंच लिहून दिलं. साक्षीला उरलो मी एकटा.
स्कूटर स्टँडवर ढोबळेनं गचांडी धरली. डोकं खांबावर दोनदा आपटलं. "चौकशीत बोलजो. मग मी तुह्या चौथ्या प्रकरणावर बोलतो. नालवाडीच्या एका खोलीत बसून लिहिलं बे आपण. कोणाची वही होती, मले माहीत आहे."
कानातून थोडं रक्त. बायकोला म्हटलं, गाडीवरून पडलो. पडण्याची साथच आहे.

मंगळवार, १५
उद्या अकराला चौकशी.
आज माझा प्रबंध घेऊन ग्रंथालयात. मॅडम पट्टी बांधून कामावर. डोळा सुजून मिटलेला. चौथ्या प्रकरणावर मी चिठ्ठी डकवली होती: ही सर्व गाणी वंदना मेश्राम यांनी गोळा केली, मी त्यांचं नाव न देता वापरली.
तिनं एका डोळ्यानं दोनदा वाचली.
"हे चढवू? तुमच्यावरच शेकते हे, सर."
"आधी तेच पान."
स्कॅनर मेलेला. तिनं मोबाइलनं टिपलं. माझ्या कानाकडे बघितलं. उठून स्कॅनरचा प्लग काढला, कूलर लावला.
मग मी पिशवीतून तिची ती वही काढून काउंटरवर ठेवली. तिनं पानं चाळली. एका गाण्यापाशी थांबली. शिक्का उचलला, 'परत' मारला, खाली आजची तारीख घातली.