तळहातावरचं इष्टलिंग

९ डिसेंबर, सोमवार

एमआरआयच्या खोलीबाहेर भांडण. सगळ्यांसमोर!

आत धातू चालत नाही. पंचाक्षरीनं घड्याळ काढलं, पट्टा काढला, लग्नातली अंगठी माझ्याकडे दिली. मग टेक्निशियननं गळ्याकडे बोट केलं — "ते पण." पंचाक्षरीचा हात तिथंच थांबला. चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. तान्हा असताना स्वामींनी बांधलेलं. आंघोळीलासुद्धा काढत नाही तो.

अव्वा मध्ये उभ्या राहिल्या. (सासूबाई. घरात सगळेच अव्वा म्हणतात, मीही.) "लिंग अंगावरनं उतरवायचं नसतंय. माणूस गेला तरी त्याच्याबरोबरच जातंय ते."

"आजी, ते घालून मला आत सोडताच येत नाही हो."

शेवटी त्यानंच उतरवलं. मी नकळत हात पुढे केला. अव्वा म्हणाल्या, "तू नको." (मी लिंगायत घरातली नव्हे, माझ्या गळ्यात लिंग नाही.) हळूच म्हणाल्या. पण म्हणाल्या. पदरात घेतलं आणि भिंतीला टेकून बसल्या. आत मशीन ठोकत होतं, बाहेर त्यांचं ॐ नमः शिवाय. मी त्याची अंगठी मुठीत धरून नुसतं दाराकडे बघत बसले.

११ डिसेंबर

गाठ आहे. मेंदूत, डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला खेटून.

म्हणूनच शब्द अडकत होते. मी म्हणायचे, झोप कमी झालीय!

डॉक्टर म्हणाले, काढावीच लागेल. "जिवाला धोका कमी आहे. पण बोलण्यावर परिणाम होऊ शकतो. किती, ते आत्ता नाही सांगता येत."

पंचाक्षरी हसला. "गिऱ्हाइकं सुटली म्हणायची." त्याचं चादरीचं दुकान त्याच्या तोंडावरच चालतं. अक्कलकोटकडचा माणूस आला की कन्नड, शेजारच्या विणकरांशी मोडकं तेलुगू, बाकी मराठी. घरातही तसंच — अव्वांशी कन्नड, माझ्याशी मराठी. त्या दोघांचं बोलणं मला अजून अर्धंच कळतं.

 घर आल्यावर मात्र म्हणाला, "अंकिता, मला हाक मारता नाही आली तर?"



१३ डिसेंबर

माढ्याहून आप्पा आले. गावच्या देवीचा अंगारा कागदाच्या पुडीत. त्याच्या कपाळाला लावला, उरलेला माझ्या हातात दिला. "उशाखाली ठिव पोरी. काय व्हत न्हाय जावईबापूला. लई कडक हाय आपली देवी." बाहेर व्हरांड्यात जाऊन उपरण्यानं डोळे पुसत होते, मला दिसलं.

संध्याकाळी पुडी खिडकीत! अव्वांनी ठेवलेली. "लिंग असताना दुसरं कशाला?" मी परत उशाखाली ठेवली. थोड्या वेळानं बघते तर परत खिडकीत.  पंचाक्षरी डोळे मिटूनच म्हणाला, "अगं, येऊ दे की सगळ्यांना. गर्दी चांगली."

बोलताना दोनदा अडखळला.

१५ डिसेंबर

मी देवाचं फार करणारी नव्हेच. आता रिक्षातून देऊळ दिसलं की हात जोडले जातात. परवा दर्ग्यापुढेही जोडले. मागणं एकच — त्याला बोलता ठेव, बाकी काही नको.

खोटं. सगळंच हवंय.

१६ डिसेंबर

उद्या ऑपरेशन. अव्वा रिपोर्ट आल्यापासून दुधावर आहेत. खा म्हटलं की, "माझं लेकरू उठून खाईल, मग."

१७ डिसेंबर, मंगळवार

सकाळी सिस्टरनं कपडे बदलून घेतले. लिंग उतरवायला आज कोणी भांडलं नाही. अव्वांनी स्वतःच्या हातानं काढलं, त्याच्या कपाळाला विभूती लावली, कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या. तो "हूं" म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला, "जेव काहीतरी." दार बंद.

आणि अव्वा कोसळल्या! उभ्या होत्या तिथंच, जिन्याच्या कठड्याला धरून. उपाशीपोटी बीपी उतरलं. सिस्टरांनी उचललं, सलाइन लावलं. सुईच्या हाताच्या मुठीत लिंग आवळलेलं, मूठ उघडेचनात. "आजी, मूठ सोडा."

मी जवळ गेले.  अव्वा म्हणाल्या, "इकडं ये. डावा हात कर."

मूठ उघडून लिंग माझ्या तळहातावर ठेवलं. काळं, गुळगुळीत, त्यांच्या घामानं ओलं. "खाली ठेवू नको. त्याला बाहेर आणेपर्यंत असंच धर."

"अव्वा, मला मंत्र नीट येत नाही."

"तुला येतंय तसं म्हण. ऐकतंय ते."

धरून बसले. हाताला मुंग्या आल्या, मग बधिर झाला. ॐ नमः शिवाय म्हणता म्हणता मध्येच आमच्या देवीचं नाव यायचं. येऊ दिलं. देव आहे की नाही, कोण ऐकतंय, काही माहीत नाही. पण हात तसाच धरून ठेवला. 

गाठ निघाली. सगळी!

१८ डिसेंबर

त्यानं डोळे उघडले. अव्वांनी लिंग परत गळ्यात घातलं. तो बोलत नाही.

१९ डिसेंबर

मी बोलते, तो बघतो. नुसता बघतो. डॉक्टर म्हणतात, सूज आहे, धीर धरा. कसा धरायचा? आज बाथरूममध्ये नळ सोडून रडले. अव्वांना कळलं असावं. बाहेर आले तर डबा उघडून बसल्या होत्या. दोघींसाठी.

२१ डिसेंबर

बोलला! स्पष्ट, न अडखळता. कन्नडमध्ये. अव्वांकडे पाणी मागितलं, दुकान उघडलं का विचारलं. मी पलंगाला धरून हसत होते, रडत होते. "पंचाक्षरी," म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात अव्वांना विचारलं, "ईकी यार?"

ही कोण. एवढं कन्नड मला येतं.

अव्वांनी त्याला उत्तर दिलं नाही. पाण्याचा पेला तसाच ठेवला, उठल्या आणि येऊन मला घट्ट धरलं.