चौथा फोटो नको

ठमे,

उद्याचा एमआरआय रद्द कर. आज मी एकटाच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. आधीचे तिन्ही फोटो बाजूला ठेवून त्यांनी मला वाकवलं, चालवलं, पाय उचलायला लावले. म्हणाल्या, "अशी झीज कंबर न दुखणाऱ्यांच्या फोटोतही दिसते. धोक्याचं काही नाही. चौथ्या फोटोतून नवं काय कळणार? कामाला लागा."

दोन वर्षं तू मला तळहाताच्या फोडासारखं जपलंस गं, पण तिकडे माझा रंधा गंजला. सुतारकीचं दुकान उघडायला चाललोय. कंबर अजून कुरकुरते, कुरकुरू दे. पट्टा खुंटीवर टांगलाय.

आणि चिठ्ठी दाराच्या पार तळाशी चिकटवली म्हणून चिडू नकोस. मी स्वतः वाकून चिकटवलीय!

बाबा