कंबर चव्वेचाळीस

३ ऑगस्ट

चाललं! चाललं! चाललं! मामाच्या जुन्या लॅपटॉपवर मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये ‘खोकणारे काका’ असं टाईप केलं आणि त्यांची मापं धडाधड समोर — छाती, कंबर, बाही. पाच दिवस नुसते लाल एरर. आणि चूक काय, तर एक कंस बंद करायचा राहिला होता. एक कंस!!

आई घरीच शिवणकाम करते. गिऱ्हाइकांची नावं कधीच लिहीत नाही, खुणा लिहिते. उंच मास्तरीण. पोस्टातली बाई. भांडकुदळ जाऊ (कुणाची, देव जाणे). वहीच्या चिंध्या झाल्यात. बेतायला बसली की आकडे मलाच वाचायला लावते. ‘तुझा आवाज खणखणीत आहे.’ म्हणे! कंटाळा, दुसरं काय? आता तिचं तिला वाचता येईल, मी सुटले.

४ ऑगस्ट

बाबा — ‘परीक्षा तोंडावर आणि हे नसते उद्योग! आईच्या कामात एकदा जरी घोळ झाला, तर लॅपटॉप मामाकडे परत.’

पण परत गेला तर मी काय करू? गणितातसुद्धा इतकी मजा कधी आली नव्हती.

९ ऑगस्ट

एकशे बारा गिऱ्हाइकं भरून झाली. बोटांचं भुस्कट! आईची मागणी एकच — ‘अक्षरं मोठी कर.’ केली. ‘अजून.’ केली. ‘अजून गं!’ आता पडद्यावर चारच ओळी मावतात. एवढी सुंदर मांडणी केली होती, पार वाट लागली. दिवसभर फुगून बसले.

१२ ऑगस्ट, सकाळी

शाळेत जायच्या आधी यादी अकारविल्हे लावून टाकली. फक्कड दिसतेय! आज आई ‘धाकट्या नवरी’चा (हीपण खूणच) ड्रेस कापणार. रविवारी लग्न, आणि त्या कापडाचं ठाण संपलंय. दुकानदार म्हणाला, आता तसं येणार नाही.

१२ ऑगस्ट, संध्याकाळी

तिसऱ्या तासाला लख्खकन डोक्यात आलं — मी फक्त खुणा ओळीने लावल्या. मापं जागच्या जागीच! म्हणजे प्रत्येकाच्या अंगावर दुसऱ्याचं माप. पोट दुखतंय सांगून सुटले ती धावत घरी.

टेबलावर कापड. कापलेलं! आई शेजारी चहा पीत बसलेली.

‘आई, नवरीची कंबर किती धरलीस?’

‘सव्वीस.’

मी वही उघडून बघितली — सव्वीसच! मग तीच हसायला लागली. ‘तुझं यंत्र चव्वेचाळीस म्हणत होतं. म्हटलं, चार दिवसांत पोरीने एवढं खाल्लं तरी काय! तिलाच बोलावून घेतलं. टेप मी धरली, आकडा तिने वाचला.’

हुश्श! तिच्या गळ्यातच पडले आणि रडले. चहा सांडला.

‘बाबांना सांगणार?’

‘काय सांगायचं? कापड नीट आहे ना?’

१३ ऑगस्ट

दुरुस्त केलं. आता खूण हलली की तिची मापंही तिच्याबरोबर हलतात. वहीशी दोनदा ताडून पाहिलं. आई म्हणते, वही रद्दीत टाक. छे! बरी टाकेन.

१६ ऑगस्ट

ड्रेस चपखल बसला!!! नवरी गर्रकन फिरून दाखवत होती. मी दोनदा जेवले.

१८ ऑगस्ट

टेपवरचा आकडाही आई दुसऱ्याकडून वाचून घेते, हे काल बाबांना सांगितलं. आज आईबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, बाबा आणि मी. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. काढला की स्वच्छ दिसेल म्हणाले. जिवात जीव आला.

‘कधीपासून दिसत नाही?’ त्यांनी विचारलं. आई खाली बघत म्हणाली, ‘वही वाचता येईना त्याला वर्ष झालं. गिऱ्हाइकं तुटतील म्हणून बोलले नाही. त्या दिवशीचं चव्वेचाळीस मात्र माझं मी वाचलं.’

घरी आल्यावर लॅपटॉपची वायर बाबांनीच लावून दिली. मी अक्षरं अजून मोठी केली.