फायर स्टेशनला मागचं दार नाही

२ सप्टेंबर, सोमवार
संकल्प केला. आजपासून रोज एक इमारत.
नगरपालिकेत जन्मभर इमारती तपासल्या. माणूस रिटायर होतो, नजर होत नाही. मुलीने, म्हणजे हेलीने, वाढदिवसाला प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं शहर दिलंय. बँक, बेकरी, फायर स्टेशन, हॉस्पिटल, घरं. इंटरनेटवर या सेटचे रिव्ह्यू पाहिले. सगळे पोरकट. ‘वॉव, किती क्यूट!’ इमारत म्हणजे काय हे एकालाही ठाऊक नाही. मी प्रत्येक इमारत बांधणार, नियमाने तपासणार आणि व्हिडिओ टाकणार. ऑक्टोबरात आमचं कॅनडाचं थँक्सगिव्हिंग, त्याच्या आत शहर पूर्ण.
बायकोने, लॉरेनने, विचारलं, जेवणाच्या टेबलावरच का? म्हटलं, तात्पुरतं आहे.

५ सप्टेंबर
अजून बँकच. दोष माझा नाही. सूचनांच्या पुस्तकात एक अक्षर नाही, नुसती चित्रं. असा प्लॅन माझ्या ऑफिसात आला असता तर दारातूनच परत पाठवला असता.

८ सप्टेंबर, रविवार
बँकेचा रिव्ह्यू टाकला. निकाल: नापास. छप्पर धड बसत नाही, तिजोरीला हवा नाही.
एकाने खाली लिहिलंय, काका, छप्पर उलटं लावलंय.
उत्तर दिलं नाही. अभ्यास नसलेल्यांशी वाद घालत नाही मी.

९ सप्टेंबर
छप्पर फिरवून पाहिलं. तसंही बसतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी बसतं. हाही दोषच.

१४ सप्टेंबर, शनिवार
बेकरी. खिडकीची काच पाकिटातच नव्हती. कंपनीला खरमरीत ईमेल. ‘तीस वर्षांच्या अनुभवातून सांगतो’ अशी सुरुवात केली.
हेलीचा फोन. ती आणि ब्रॉक लग्नाआधी घर घेताहेत. वेस्टफोर्टमध्ये एक जुनं घर आवडलंय. म्हणाली, बाबा, एकदा येऊन बघतोस का? तू हो म्हटल्याशिवाय मी सही करणार नाही.
पोरीला बापाची किंमत आहे. म्हटलं, बेकरी आटोपली की येतो.

१७ सप्टेंबर
बेकरीची काच सापडली. माझ्या स्वेटरला चिकटली होती. ईमेल मागे घेतला नाही. पाकिटातून इतक्या सहज निसटते म्हणजे पॅकिंग ढिसाळ.
लॉरेन आणि मी स्वयंपाकघरात उभ्याने जेवतो. पचनाला बरं असतं.

२१ सप्टेंबर, शनिवार
फायर स्टेशन. धक्काच बसला. मागचं दार नाही! आग विझवणाऱ्यांच्याच घराला आग लागली तर त्यांनी पळायचं कुठून? व्हिडिओत हाच प्रश्न तीनदा विचारला. पाहणारे मोजकेच, त्यात लॉरेनची बहीण. तिने लाइकचा अंगठा दिलाय.
हेलीचा पुन्हा फोन. त्या घराच्या तळघरात ओल आल्यासारखी वाटते म्हणाली. म्हटलं, वाटण्यावर जायचं नसतं, मी येऊन सांगतो. कधी, असं विचारलं तिने. हॉस्पिटल झालं की.
लॉरेन म्हणाली, रायमो, ती खऱ्या घराबद्दल बोलतेय.
मी काय खोट्या कामात आहे?

२८ सप्टेंबर
हॉस्पिटल म्हणजे वैताग. लिफ्ट नाही, जिना नाही. पेशंटला वरच्या मजल्यावर नेतात कसं? छप्पर काढून, वरून! कंपनीला दुसरा ईमेल. पहिल्याचं उत्तर आलं होतं: तुम्हाला सेट आवडला हे वाचून आनंद झाला. वाचलाच नाही मेल्यांनी.

३ ऑक्टोबर
हॉस्पिटलची भिंत पडली. भूकंपाची चाचणी घेत नव्हतो, कोपर लागलं.
हेलीने फोन केला नाही. समजूतदार आहे. कामात व्यत्यय नको म्हणून असेल.

७ ऑक्टोबर, सोमवार
मीच फोन केला. उद्या येतो म्हटलं. म्हणाली, राहू दे बाबा, ग्लेनकाकांनी पाहिलं घर. तळघराची भिंत फुगलीय, म्हणून सोडलं ते.
ग्लेन! माझ्या हाताखाली होता. मोजायची टेप धरायला मी शिकवलं त्याला.
मी म्हटलं, बरोबर, ओल असणारच, मला शंका होतीच. मग म्हणाली, ठेवते.
आता शहर पूर्ण करायचंच. हट्टाने.

१३ ऑक्टोबर, रविवार
उद्या थँक्सगिव्हिंग. ब्रॉकचे आईवडील जेवायला. लॉरेन म्हणाली, टेबल रिकामं कर, नाहीतर टर्की मी फायर स्टेशनवर वाढते. घरं अजून बाकी असताना! तरी भांडलो नाही. सगळं शहर अलगद तळघरात नेलं आणि सॉनात, घाम काढायच्या लाकडी खोलीत, वरच्या फळीवर मांडलं. कोरडी, बंद जागा. कुणी हात लावणार नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार
जेवण उत्तम. ब्रॉकच्या वडिलांना सॉना हवी होती. लॉरेनने सांगितलं, मी उठून खाली गेलो, दाराबाहेरचं बटण दाबलं, पूर्ण तापमानावर. मग वर येऊन त्यांना हॉस्पिटलला लिफ्ट का हवी ते समजावत बसलो. ते तासभर टॉवेल मांडीवर घेऊन ऐकत होते. भला माणूस.
दार त्यांनीच उघडलं. म्हणाले, रायमो, इथे काहीतरी आहे.
बँक बेकरीच्या खांद्यावर टेकली होती. हॉस्पिटल वाकलं होतं, पोटात कळ आल्यासारखं.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हेली टॉवेल हातात घेऊन एकेक इमारत खाली उतरवत होती. तिनेच दिलं होतं ते शहर.

१५ ऑक्टोबर
कंपनीला तिसरा ईमेल: थोडी उष्णताही सोसत नाही. लिहिला. पाठवला नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार
हेलीने दुसरं घर घेतलं. मला कळलं ते किल्ल्या मिळाल्यावर. आज कॉफीला बोलावलं. टॉर्च, टेप आणि सपाटी तपासायची लेव्हल घेऊन गेलो. दारातच म्हणाली, बाबा, ते गाडीत ठेवून ये. ठेवून आलो.
ब्रॉकने घर दाखवलं. मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. भिंती सरळ, छप्पर ठीक, मागे दार आहे. सांगितलं, एकही दोष नाही, माझ्याकडून पास. हेलीचा चेहरा जरा खुलला. म्हणाली, खरंच? म्हटलं, मी उगाच पास करत नाही कुणाला.
मागच्या दाराने निघालो आणि पायरीवर सपशेल आपटलो. हेली धावत आली. अरे देवा, ग्लेनकाका म्हणाले होते ही पायरी उंच आहे, तुला सांगायचंच राहिलं.
पायरी माझ्या लक्षात आलीच होती. गुडघ्याला बर्फ लावून बसलोय.
तिने दंडाला धरून गाडीपर्यंत आणलं, सीटचा पट्टासुद्धा लावून दिला. तशी काही गरज नव्हती.