उंदरांनी नेलेली पत्रिका

आई, काल अमरावतीत लोकांनी तुमचं स्वयंपाकघर रांगेने पाहिलं. अठ्ठावन्न चित्रं होती, प्रत्येक तळहातापेक्षा थोडंच मोठं, आणि बहुतेक सगळी अकोल्यातल्या आपल्या तीन खोल्यांची. त्यातली सत्तावन्न पाहून तुम्ही पसंतीने मान हलवली असती. अठ्ठावन्नाव्यापुढे मात्र कंबरेवर हात ठेवून सगळ्यांसमोर विचारलं असतं, "हे कोनाचं घर हाय वं?" त्या एका चित्राबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, त्याआधीची वीस वर्षं आपण एका घरात होतो, आणि एवढ्या काळात ते मी तुम्हाला सांगितलं नाही. पहिल्या दिवसापासून मी तुम्हाला आई म्हणाले, कारण सासूला तसं म्हणायचं असतं. तो शब्द खरा व्हायला पाच-सहा वर्षं लागली. तुमच्या बाजूनेही तेवढीच लागली असतील, मी काही सोपी सून नव्हते.

प्रदर्शन भरवणारी मुलगी तिशीची आहे, हुशार आहे, केस आखूड आणि बोलणं लांब. महिन्यापूर्वी ती आपल्याकडे आली, पलंगावर सगळी चित्रं पसरली आणि म्हणाली, "मॅडम, या सगळ्या खोल्या रिकाम्या का आहेत? बाई कुठे आहे?" मी म्हटलं, "बाई चित्र काढते आहे." "आणि घरातली दुसरी बाई?" "ती भांडी घासून दमली, बाहेर फुलं निवडत बसली आहे." तिने हे वहीत लिहून घेतलं. आठ दिवसांनी भिंतीवर लावायचा मजकूर पाठवला. बंद दारांआडची घुसमट, रिकाम्या चुलीपुढचं स्त्रीचं मौन, आणि बहुतेक चित्रांत बसलेली मांजर म्हणजे चित्रकर्तीचं एकाकीपण. आई, मी तो कागद दोनदा वाचला आणि माझं डोकं असं तापलं की तुमच्या मुलाने न सांगता स्वतः चहा केला. रिकामी चूल? तुम्ही एक तरी चूल मला रिकामी काढू दिलीत का? आणि मौन? आपल्या घरात?

लग्नानंतरचं पहिलं वर्ष. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी आहे, दुपार आहे, पुढच्या खोलीत शेवंतीचा ढीग ओल्या पोत्याखाली झाकलेला आहे आणि तिचा कडवट वास घरभर आहे. मळ्यातून फुलं यायची, बाजारात जायची, उरलेल्या जागेत आपण राहायचो. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून शाळेच्या वहीत पेन्सिलीने घडवंची काढते आहे, तिच्यावरचे दोन माठ, कोपऱ्यातली चूल, न्हाणीत पडलेली दुपारची भांडी. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला उतरत्या छपराची, धुराडं असलेली घरं काढायला शिकवलं होतं. तसं घर मी अमरावतीत एकही पाहिलं नव्हतं, तरी दहा वर्षं तेच काढलं आणि बक्षिसंही घेतली. समोर असलेलं काढायची ती पहिलीच वेळ. तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात.

"काय करून राहिली वं?"

"चित्र काढते आहे. आपल्या स्वयंपाकघराचं."

"अन् हे खरकटे भांडे काहून काढले?"

"आहेत म्हणून."

"सरक."

मला वाटलं, वही चुलीत जाणार. तुम्ही पदर खोचलात आणि न्हाणीत बसून सगळी भांडी घासलीत. ताटं मांडणीवर उभी केलीत, घडवंचीखालची ओल पुसलीत, चुलीपुढे पोतेरं फिरवलंत, खुंटीवरचं फडकं बदललंत. एवढ्याने भागलं नाही म्हणून विझलेली चूल फुंकून पेटवलीत आणि नुसत्या पाण्याचं पातेलं वर ठेवलंत. "आता काढ. चूल बिनभांड्याची काढू नोको. घरात मानसं जेवतेत, दिसलं पाह्यजे." मी म्हटलं, तुम्हीही बसा ना चुलीपुढे. "मी? माहं काय काम त्याच्यात? फुलं कोन निवडन, तुहा सासरा?" आणि तुम्ही बाहेर गेलात. चित्रात माणसाचे हात काढायला मला कधीच जमलं नाही, त्यामुळे मीही फार आग्रह केला नाही. माझ्या खोल्यांत बाई नसते, त्यात एवढंच रहस्य आहे.

पुढची वीस वर्षं हेच चाललं. मी कागद काढला की तुम्ही खोली आवरायला घ्यायच्या. लोक म्हणतात, तुमच्या चित्रांत किती ऊब आहे, कसं निवांत वाटतं. वाटणारच. त्यासाठी आधी कोणीतरी अर्धा तास राबलेलं आहे. शहाण्या लोकांना खरकटं भांडं दिसलं तरच कष्ट दिसतात. घासून पालथं घातलेलं भांडं त्यांना आपोआप स्वच्छ झालेलं वाटतं.

आणि लग्नपत्रिका! माझी चित्रं एवढी लहान का, हे काल दहा जणांनी विचारलं. त्यांना मी चौकट उलटी करून दाखवत होते. त्या पहिल्या चित्राच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही लाकडी पेटी उघडलीत. ज्या ज्या लग्नाला आपल्या मळ्याची फुलं गेली, त्या सगळ्यांच्या पत्रिका तुम्ही साठवल्या होत्या. वर गणपती, म्हणून फेकवत नव्हत्या. जाड कागद, मागची बाजू कोरी. मला वाटलं, एक गठ्ठा देऊन मोकळ्या व्हाल. तुम्ही एकेक पत्रिका बाहेर काढून निवडायला बसलात, फुलं निवडावीत तशा. अक्षरओळख नव्हती, पण रंगावरून आणि गणपतीच्या तोंडावरून तुम्हाला प्रत्येक लग्न आठवत होतं. "हे नोको. याची पोरगी वापस आली. हे घे, अंजनगावचे होय, दोन लेकरं झाले, मजेत हायेत. हे ठेव बाजूले, याहीचं भांडन चालू हाय, पाहू काय होते." मी हसून विचारलं, चित्राला काय फरक पडतो? तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू इतकं शिकून मी वायाच गेले. "घर काढून राहिली ना तू? मंग?" त्यामुळे माझं प्रत्येक चित्र कोणाच्या तरी टिकलेल्या संसारावर काढलेलं आहे. भांडणाऱ्यांचं जमलं की तुम्ही बाजूला ठेवलेली पत्रिका आणून द्यायच्या, जणू परवानगी आली. कुठल्या कलाशाळेत एवढी चाळणी लावतात, मला सांगा.

आता अठ्ठावन्नावं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन अमरावतीला होतं. तुम्ही माझ्या माहेरी राहिलात, तुमचा मुलगा तुमच्यासोबत, सुट्टी म्हणून दोन्ही पोरंही तिकडेच. मला परीक्षेचे पेपर तपासायचे होते, मी अकोल्यात एकटी. चार दिवस. पहिल्या दिवशी पेपर तपासले. दुसऱ्या दिवशी जेवले आणि ताट न्हाणीत ठेवून उठले. घासलं नाही. संध्याकाळी आणखी दोन भांडी, सकाळी चहाचं भगुणं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी उंबऱ्यात उभी राहून पाहिलं. चूल थंड, पोतेरं वाळून कडक झालेलं, अर्धं चिरलेलं लिंबू पाटावर, भगुणं आडवं, आणि छपरावरच्या कवेलूंच्या फटीतून आलेलं ऊन बरोबर त्या ढिगावर. आई, इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं. ऊन सरकायच्या आत काढायला हवं होतं. पेटीला कुलूप, चावी तुमच्या कमरेला, अमरावतीत. वहीचा कागद पाण्याच्या रंगाने फुगायचा. जाड कागद घरात एकच होता. देवघरात गणपतीच्या मागे ठेवलेली, चारही कोपऱ्यांना हळद लावलेली माझ्याच लग्नाची पत्रिका.

तुम्ही डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परत आलात, आंघोळ करून देवापुढे बसलात आणि हाताने चाचपलंत. "पत्रिका कोठी गेली वं?" मी भाकरी थापत होते. मान वर न करता म्हणाले, "उंदरांनी नेली असेल." कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोलल्याबद्दल आम्हाला गुडघ्यावर बसवत. मी भाकरी उलटली. तुम्ही गणपतीच्या मागे पुन्हा एकदा हात फिरवलात. मग म्हणालात, "देवापासून लगन नेलं! उंदराले काही लाज?" आठवडाभरात बार्शीटाकळीच्या मावशींकडून मांजर आली. तुमचा मुलगा तिला फुलांच्या टोपलीत घालून एसटीने घेऊन आला, मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलेला. मी इतकी हसले की आयोडीन त्याच्या हातापेक्षा सदऱ्यावरच जास्त सांडलं. त्या मांजरीने एकही उंदीर धरला नाही. धरणार कुठून? दिवसभर चुलीजवळच्या उबेला बसून राहायची, आणि तुम्ही मला म्हणायच्या, "हिले काढ. हिले काही काम नाई." म्हणून ती चित्रांत आली. घरात चित्रासाठी बसायला सवड असलेला एकच जीव होता.

पुढच्या वेळी आली तेव्हा त्या मुलीला हे चित्र फायलीच्या तळाशी सापडलं. तिने ते खिडकीपाशी नेलं आणि उजेडात धरलं. मग म्हणाली, "मॅडम, हे खरं. बाकी सगळं सजवलेलं आहे. हे मी दारातच लावणार." थोड्या वेळाने हळूच विचारलं, "सासूबाई फार कडक होत्या का?" तेव्हा मला कळलं काय होणार आहे ते. लोक आत येणार, पहिल्यांदा हा पसारा पाहणार, खाली घुसमट वाचणार, आणि घरी जाताना म्हणणार, बिचारी, कसल्या सासूच्या हाताखाली आणि कसल्या घाणीत राहिली. भांडी घासल्याशिवाय ज्या बाईने एक रेघ मला ओढू दिली नाही, तिच्या नावावर माझी खरकटी भांडी जाणार. मी चित्र काढून घेतलं. देणार नाही, म्हणाले. ती गेल्यावर तीन दिवस ते टेबलावर होतं. मी येता-जाता पाहत होते, आणि ते प्रत्येक वेळी चांगलंच दिसत होतं. माझ्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं चित्र मी फायलीत मरू द्यायचं, की तुम्हाला परक्या लोकांत खाली पाहायला लावायचं?

चौथ्या दिवशी फोन केला. देते, पण दोन अटी. चौकटीला दोन्ही बाजूंनी काच, आणि चित्र छताला टांगायचं, मागची बाजू लोकांना दिसली पाहिजे. दुसरी अट, खाली माझ्या अक्षरात पाटी. पाटीवर लिहिलं: "हा पसारा सुनेचा आहे. सासूबाई त्या दिवशी घरी नव्हत्या." मुलगी कळवळली. "मॅडम, यानं चित्रातलं गूढ जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे. माझ्या सासूने आयुष्यात खरकटं ठेवलं नाही, त्यांच्या नावावर मी ठेवणार नाही."

मूर्तिजापूरमार्गे बसने ते मांडीवर घेऊन गेले. काल तुमचा मुलगा चष्मा लावून सगळी चित्रं पाहत पाहत तिथे आला, पुढून पाहिलं, पाटी वाचली, "हे बरं केलं," म्हणाला. मग मागे गेला. पिवळे कोपरे, गणपती, खाली स्वतःचं नाव. चौकटीआड त्याचा चेहरा झाकला गेला, मला फक्त चष्म्याची काडी दिसत होती.

"ही तं आपली पत्रिका होय."

"हो."

"मंग उंदीर?"

"उंदीर नव्हते."

"अन् ते मांजर? मी बार्शीटाकळीहून आनलं ते?" त्याने बाही वर केली आणि मनगटावरचा जुना पांढरा ओरखडा माझ्यापुढे धरला. "पस्तीस वर्षं मी लोकायले सांगून राहिलो, आमच्या घरी लय उंदीर होते म्हणून!" मग तो हसायला लागला. खुर्ची आणावी लागली. दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला धरून तो मागच्या बाजूला नेत होता आणि मांजरीची कथा सांगत होता. संध्याकाळी त्या मुलीने भिंतीवरचा कागद काढून नेला. आज तिथे नवा आहे. त्यात घुसमट नाही, आणि मांजरीला नुसती मांजर म्हटलं आहे.

हे पत्र पाठवायचा प्रश्न नाही. तुमची पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायचे. हेही मलाच वाचावं लागलं असतं, आणि मी हा चोरीचा भाग नक्की गाळला असता. खरं तर माफी मागायला बसले होते. पत्रिका परत देवघरात ठेवावी, असंही ठरवून आले होते, पण प्रदर्शन संपल्यावर ती पुढच्या खोलीत टांगणार आहे, चित्राची बाजू पुढे करून. आई, ते चित्र तुम्ही घरात नव्हता म्हणून झालं, हे मला त्या दुपारीच कळलं होतं. आणि तरी ते स्वयंपाकघर तुमचंच होतं. पुन्हा तसं ऊन आलं आणि पेटीची चावी तुमच्या कमरेला असली, तर मी पुन्हा देवापुढची पत्रिकाच उचलेन. फक्त या वेळी आधी भांडी घासेन.

नाही, हे खोटं आहे. घासणार नाही.