मैनेची दुसरी वाट

मंठा, २ जून २०२५

चि. भुजंग यास अनेक आशीर्वाद. राग त्यात धरलेला नाही, तो खाली वेगळा येतो.

सोमवार, १२ मे, सकाळी पावणेअकरा वाजता, जालन्याच्या दवाखान्यात, माझ्या कुत्रीबद्दल मला न विचारता तू डॉक्टर अर्पिताला म्हणालास, "लई हाल होऊन राह्यले तिचे. इंजेक्शन देऊन सोडवा तिला." मैना टेबलावरून तुझ्याकडेच बघत होती. तिला मराठी कळतं.

आणि हाल वाढवले कोणी? ती लघवीला बसून नुसतीच कुंथायची, तेव्हा मुतखडा आहे असं ठरवून घनसावंगीहून पिशवीभर कुळीथ कोणी पाठवले? मीही वाट्याच्या वाट्या कढण पाजलं. लघवीच्या वाटेवर गाठ, वाट बंद, आणि आपण दोघं वरून भर घालतोय. आमच्या मिशनरी शाळेतल्या सिस्टरनी आपल्याला दिवसभर बाकावर उभं केलं असतं.

मी इंजेक्शनला नाही म्हटल्यावर तू तणतणत निघून गेलास, म्हणून पुढचं कळवते. डॉक्टरांनी आधी तुंबलेली लघवी काढली. मग पोटातून थेट मूत्राशयात बारीक नळी बसवली. गाठ जाणार नाही. रोजच्या गोळीने दबून राहिली तर काही महिने मिळतील. मी दिवसातून चारदा हात धुऊन, सिरिंज लावून लघवी काढते. बाईसाहेब तोवर खारी खातात. नळी झाकायला मी फुलाफुलांची बंडी शिवली आहे. शेजारच्या झुंबरबाईंनी विचारलं, "बाळंतीण हाय का वं ही?"

आता मुद्दा. सोळा जूनला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. नंतर आठ दिवस वाकायचं नाही. झुंबरबाईंना नळी बघूनच घेरी येते. लघवी काढली नाही, तर मैना पुन्हा त्याच टेबलावर.

घरी ती माझ्या-तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला पोटाला हात लावू देत नाही. त्या दिवशी तिला धरताना तू तिचा कान कुरवाळत होतास, ते मी पाहिलं. त्याचा या तक्रारीशी काही संबंध नाही.

माफी नको. आठ दिवसांचे कपडे घेऊन ये, आणि नखं कापून ये. येणार की नाही, ते लेखी कळव. फोन करू नकोस. फोनवर तू रडतोस, मग मला भांडता येत नाही. उत्तर शुक्रवार, १३ जून, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझी, अजून तरी,
अक्का