कडूची मधुरा होता होता

बजाजनगर,
सोमवार, दुपार (डबे गेल्यावर)

तीर्थरूप सरूआत्यास, तुझ्या कडूचा दोन्ही पाय धरून नमस्कार. गुडघे कसे आहेत? मोतीबिंदूचं औषध डोळ्यातच घालतेस ना (मागच्या वेळी कानात घातलं होतंस, म्हणून विचारते)? मोसंबीचा बहार टिकला का? आम्ही सगळे खुशाल आहोत. फोनच करणार होते, पण फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि तुझ्यापुढं मला बोलायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

तर आत्या, गेले एकवीस दिवस मी सुधारत होते. सून राजनंदिनी (पोरगी गुणाची आहे, फक्त मोबाईलवर दिसेल ते घरात आणते) हिनं मला न विचारता एका शिबिरात माझं नाव घातलं. तिथं म्हणे माणसाला त्याचं सर्वोत्तम रूप सापडतं. मी म्हटलं, "अगं, मी हाय ती काय वाईट हाय व्हय?" तर म्हणाली, "वाईट नाय हो आई, पण जगायला काहीतरी प्रेरणा पायजे ना." आत्या, कंपनीतल्या चाळीस माणसांचे डबे दुपारच्या आत पोचवायचे असले की जगायला वेगळी प्रेरणा लागत नाही, भिंतीवरचं घड्याळ पुरतं. पण पोरीचं मन मोडवेना, म्हणून गेले.

शिकवणारे विश्वजित सर वयानं माझ्या पोराएवढे. पहिल्याच दिवशी म्हणाले, यशस्वी माणूस पहाटे पाचला उठतो. सगळ्या बायकांनी वहीत लिहून घेतलं. मी विचारलं, "सर, मी चारला उठते, मग पुढचा एक तास झोपून राहू का?" सरांनी घोटभर पाणी पिऊन माझं नाव विचारलं. मी सांगितल्यावर तोंड असं केलं, की कारल्याचा रस मीच पाजला असावा. म्हणाले, या नावातच नकारात्मक ऊर्जा आहे, कडू नावाच्या बाईचा डबा कोण खाईल? (अकरा वर्षं खातायत, बोटं चाटून खातायत.) पण हे सांगायच्या आत माझ्या पदरावर बिल्ला लागला होता, 'मधुरा'. शिवाय रोज सकाळी आरशापुढं उभं राहून "मी मधुरा आहे, मी सर्वोत्तम आहे" असं एकवीस वेळा म्हणायचं. पहिल्याच दिवशी तुझे जावई न्हाणीतून ओरडले, "कोण पाव्हणी आलीय गं? च्या टाकला का तिला?"

शिबिरात हजेरी घेताना सर "मधुराताई" म्हणायचे आणि मी दाराकडं बघत बसायचे, की ही कोण बया, रोज दांडी मारते. पहिल्या रांगेत बसून माझे नऊ दिवस गैरहजर लागले.

शेवटच्या दिवशी हॉलच्या मधोमध घमेल्यात विस्तव केला. आपल्याला मागं खेचणारी गोष्ट चिठ्ठीवर लिहायची आणि जाळायची. कुणी राग लिहिला, कुणी आळस, एकीनं सासू लिहिली (सासू शेजारीच बसली होती). सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुम्ही 'कडूबाई' लिहा."

आत्या, तिथं माझं टाळकं फिरलं. माझ्या आधीची दोन लेकरं आईच्या मांडीवर गेली. मी झाले तेव्हा तू मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलंस, परत उचललंस, आणि मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं म्हणून 'कडू' म्हणालीस. बावन्न वर्षं थुंकतंय ते. कावीळ झाली, टायफॉईड झाला, वाळूजच्या रस्त्यावर रिक्षा उलटली, आणि मी आहे. ते नाव मी जाळू? का म्हणून? मी चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात 'मधुरा' लिहिलं, बिल्लाही काढून त्यात गुंडाळला आणि दिला टाकून घमेल्यात. प्लॅस्टिकचा असा धूर झाला की सगळा हॉल रडायला लागला. सरांना वाटलं परिवर्तन झालं, त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मग मी माईक घेतला. म्हटलं, "मी कडूबाई. नाव बदलणार नाय. ज्याला गोड पायजे त्यानं पेढे आणावेत."

राजनंदिनी त्या दिवशी मला न्यायला आली होती, तिनं हे सगळं दारातून बघितलं. घरी जेवताना तिनं विचारलं, "आई, असलं नाव ठेवलं तरी कुणी तुमचं?" मग मी तिला सुपापासून सगळं सांगितलं. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. काल बघते तर दारावरची 'कडूबाईंचे डबे' ही पाटी ती ओल्या फडक्यानं पुसत होती.

घरातल्या थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुझीच, आणि आता कायमची,
कडू

ता. क. शिबिराचं प्रमाणपत्र आलं, मधुराच्या नावाचं. कागद चांगला जाड आहे, पिठाच्या डब्यावर झाकायला झाला.

ता. क. दुसरा. हे मोठ्यानं वाचू नकोस. आई जायच्या आधी एकदा म्हणाली होती, मी पोटात असताना तू माझ्यासाठी एक चांगलं नाव मनात धरलं होतंस, आणि मग भीतीपायी कडू ठेवलंस. काय होतं गं ते? खरं तर पत्र त्याचसाठी लिहिलं. मला ते लावायचं नाही, कुणाला सांगायचंही नाही. फक्त एकदा, डबे गेल्यावर दार लावून, आरशापुढं म्हणून बघायचंय.

आणि ते मधुराच असेल, तर मात्र कळवू नकोस.